कानशिलापाशी ऐकणारी पेटी

मित्रांनो, मी एक जुनी, कोपरे घासलेली पेटी आहे आणि आता फार थकले आहे. माझे काम ऐकण्याचे. माझ्या वायरच्या टोकाला पेनाएवढा प्रोब आहे. तो कानशिलावर टेकवला की डोक्यातल्या रक्ताचा वेग मला कळतो. दुखत नाही, प्रोबला लावलेले चिकट जेल तेवढे गार लागते.

मी दवाखान्यात नवी आले तेव्हा माझे फार कौतुक झाले. फोटो निघाले. मग फोटो काढणारे गेले आणि मुले येत राहिली. सिकलसेलची मुले. त्यांच्या रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि रक्तवाहिनीला इजा करतात. मेंदूकडे जाणारी वाहिनी अरुंद झाली की रक्त तिच्यातून जोरात धावते, बोटाने दाबलेल्या पाइपातल्या पाण्यासारखे. ती पुरती तुंबली, तर खेळता खेळता मूल कोसळते, हात-पाय लुळे पडतात. त्याआधी डोके दुखेलच असे नाही. म्हणून मला ऐकावे लागते, तेही मूल जागे आणि शांत असताना. रडले किंवा झोपले, तर आकडा चुकतो.

एक बडबडी मुलगी यायची. तपासणी करणाऱ्या ताई तिला टकळी म्हणत. पहिल्यांदा आणले तेव्हा तिचे बाबा हसले होते.

“हिचं डोकं कशाला तपासता? आमच्या घरात तेवढं एकच चालतं!”

“चालतंय तोवरच बघायचं असतं, दादा. आणि टकळे, तू जरा तोंडाला कुलूप लाव.”

आकडा वाढलेला निघाला. डॉक्टरांनी रोज घ्यायची कॅप्सूल दिली. काही महिन्यांत तिच्या रक्ताचा धावता आवाज मऊ झाला.

त्यानंतर ती बरेच दिवस आलीच नाही. आली तेव्हा गाल भरले होते, तोंड चालूच होते. पण प्रोब टेकताच मला पुन्हा तीच घाई ऐकू आली.

“कॅप्सूल चालू आहे ना?” ताईंनी विचारले.

टकळीच म्हणाली, “मी बरी झाले ना, म्हणून बंद केली.”

“पळतेय, खेळतेय. एवढ्याशा पोरीला रोज औषध कशाला, असं वाटलं,” बाबा पुटपुटले.

“औषधामुळेच खेळत होती, दादा. पूर अडला म्हणून बांध फोडतो का कुणी?”

“उशीर तर नाही ना झाला?”

“अजून नाही,” ताई म्हणाल्या. बाबांनी तिच्या कानशिलावरचे जेल हळूच पुसले. डॉक्टरांनी रक्त तपासून कॅप्सूल पुन्हा सुरू केली.

मित्रांनो, माझ्या वायरला चिकटपट्टी लावली आहे. जेल संपले की मी धूळ खात बसते. मला रक्ताची घाई ऐकता येते, थांबवता येत नाही. ते काम औषधाचे. दुखत नाही म्हणून कुणाला घरी ठेवू नका. बरे वाटते म्हणून औषध सोडू नका. आणि जमल्यास मला पुसून, झाकून ठेवा. टकळीचे रक्त पुन्हा सावकाश वाहताना ऐकेपर्यंत तरी मला टिकायचे आहे.