पंचफुलामावशीचा कान

१९८४ साली मी पांढुर्ण्याच्या एका कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर होते. मोहगावच्या आमच्या वस्तीतली पहिली एम.एस्सी. प्राणिशास्त्राच्या लीलाताई मॅडमनी मला त्यांच्या कामावर घेतलं, तेव्हा बाबांनी घरोघरी बुंदी वाटली होती.

काम मुनियांचं, म्हणजे चिमणीहून लहान अशा पाखरांचं होतं. मुनियांमध्ये नर गातो आणि प्रत्येक नराचं गाणं थोडं वेगळं असतं. ते पिल्लाला रक्तातून मिळतं, की बापाचं ऐकून? ते तपासायला मॅडमनी एका जोडीची अंडी दुसऱ्या जोडीच्या घरट्यात ठेवली होती. नरांना नंबर होते आणि पिल्लांच्या पायांत ओळखीसाठी रंगीत छल्ले, म्हणजे कड्या. परदेशातून आलेला एक जर्मन लेख मी दोन महिने डिक्शनरी घेऊन त्यांना मराठीत उतरवून दिला. गाणाऱ्या पाखराच्या मेंदूत गाण्याच्या खास जागा असतात. त्यातली एक निकामी झाली तर पाखरू चोच उघडतं, गळा फुगवतं, पण सूर निघत नाही.

"जागा रक्तातून येते, कुसुम," मॅडम म्हणाल्या. "त्या जागेत काय भरतं, ते आपल्याला बघायचं आहे."

आपल्याला! त्या एका शब्दावर मी आठवडाभर हवेत होते.

पिंजरे झाडायला पंचफुलामावशी होती. आमच्याच वस्तीतली, पन्नाशीची, अंगठा उठवणारी. एका सकाळी पाखरांना राळ्याचे दाणे टाकता टाकता ती म्हणाली, "मॅडम, हे लाल छल्ल्यावालं पिल्लू चार नंबरच्या बुढ्यावानी गाऊन राहिलं. शेवटी तसाच गचका देते."

मला तर सगळी मुनियांची चिवचिव सारखीच वाटायची. मॅडमनी टेप लावून दहा वेळा ऐकलं. मावशी बरोबर होती. चार नंबरच्याच नरानं ते पिल्लू वाढवलं होतं.

त्या दिवसापासून मॅडम खोलीत आल्या की आधी विचारत, "पंचफुला कुठे आहे?" माझं स्टूल तिला मिळालं. मॅडमनी आपल्या डब्यातली अर्धी पोळी तिला दिली, ती मी दारातून पाहिली. मावशी मात्र वस्तीत सांगत फिरायची, "आपली कुसुम लई हुशार हाय, तिच्यामुळंच मले पाखराईचं समजते." ते ऐकून माझा आणखीनच जळफळाट व्हायचा. तिनं एकदा तरी मिजास दाखवावी, म्हणजे मला तिचा राग करता येईल, असं वाटायचं.

फेब्रुवारीत नागपूरहून एक प्राध्यापक काम बघायला येणार होते. पिंजऱ्यांवर कापड टाकायचं, मावशीनं नुसतं ऐकून बापाचा नंबर सांगायचा, मग छल्ल्याचा रंग रजिस्टरशी ताडायचा, असं ठरलं. आदल्या दुपारी खोलीत मी एकटीच होते. मी दोन पिल्लं हातात धरली आणि त्यांच्या पायांतले प्लास्टिकचे छल्ले बदलले. लाल्याचा निळ्याला, निळ्याचा लाल्याला. पाखरांची काळजं माझ्या मुठीत धडधडत होती. एका मिनिटाचं काम.

दुसऱ्या दिवशी मावशीनं सहा नंबर सांगितले. दोन चुकले.

"अंदाज चांगला आहे बाईंचा," पाहुणे हसून म्हणाले. "पण सहातली दोन पिल्लं सांभाळणाऱ्या बापाचं गाणं गात नसतील, तर तुमचं म्हणणं टिकत नाही, लीलाताई."

मॅडमचा चेहरा पडला. तेव्हा कुठे मला कळलं की मी मावशीला पाडायला गेले आणि दोन वर्षांचं काम पाडलं. त्यात माझंही होतं.

मावशी कापड सारून पिंजऱ्यात वाकली होती. लाल छल्ल्यावाल्या पिल्लाची मागची नखी लहानपणीच तुटलेली होती. तिनं ती पाहिली, मग पायातला निळा छल्ला पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. खोलीची किल्ली मॅडमखेरीज आम्हा दोघींकडेच असायची.

"मॅडम, माहीच चुकी," ती म्हणाली. "झाडता झाडता छल्ले सुटले व्हते. म्याच उलटे घातले असन."

"मग रजिस्टरचाच भरवसा काय?" म्हणत पाहुणे घड्याळ बघत उठले. मॅडम मावशीला पहिल्यांदाच ओरडल्या. "दोन वर्षं, पंचफुला! दोन वर्षं!" ती मान खाली घालून उभी राहिली, आणि मला तिच्या त्या गप्प राहण्याचाही हेवा वाटला. मला ते कधीच जमलं नसतं.

संध्याकाळी मी तिला बसस्टँडवर गाठलं. "मावशी, काहून केलं असं?"

"तुही नोकरी गेली असती पोरी. माह्या हातचा खराटा कोण घेते?"

मोहगावची गाडी लागली. ती चढली, मी चढले नाही. तशीच मॅडमच्या घरी गेले आणि दारातच उभं राहून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "अहवालात तुझं नाव येणार नाही. काम पुन्हा अंड्यांपासून करायचं. छल्ले पंचफुला घालेल, तू रजिस्टर लिहिशील. जमत असेल तर सोमवारी ये."

मी गेले. पुढच्या हंगामात चौदा पिल्लांपैकी तेरा पिल्लं सांभाळणाऱ्या बापासारखी गायली. ती तेराही मावशीनं ओळखली आणि मी तिच्या शेजारी बसून लिहून घेतली.

"आता आलं का ऐकू?" ती रोज विचारायची.

"नाही," मी म्हणायचे, आणि तिच्या कानाचा हेवा करत पुढचा नंबर लिहायचे.