दोन डाव्या हातांची राखणदारीण

मित्रांनो, वाचायला लागण्याआधी एवढे करा. एखाद्याला 'थांब' म्हणताना धरतो तसे दोन्ही हात समोर धरा. तळवे पुढे, बोटे वर. आता अंगठे पाहा. दोघेही एकमेकांकडे तोंड करून उभे आहेत, हो ना? आता कल्पना करा, की तुमच्या उजव्या मनगटावर कुणीतरी दुसरा डावाच हात बसवला आहे. त्याचा अंगठा बाहेरच्या बाजूला जाईल, रुसून पाठ फिरवलेल्या भावंडासारखा. हे चित्र डोळ्यांसमोर ठेवूनच पुढचे वाचा. ज्या घरात मी राहतो, त्या घराची झोप या एका अंगठ्याने उडवली.

मी एक जुना संगणक आहे. माझा जन्म मोठ्या कारखान्यात झाला नाही. एका अरुंद दुकानात, जाड चष्म्याच्या एका कारागिराने सुटे भाग जोडून मला उभे केले. जोडताना त्याच्या हातून एक स्क्रू आत पडला. "खडखडला तर बघू," असे म्हणून त्याने झाकण लावून टाकले. मला कुणी हलवले की तो अजून खडखडतो.

तिथून मी एका जिन्यावरच्या दोन खोल्यांत गेलो. तिथे चार माणसे मिळून व्हिडिओ गेम बनवत होती. मालकाला सगळे कॅप्टन म्हणत, कारण त्याचे प्रत्येक भाषण 'आपलं जहाज' या शब्दांनी सुरू होई. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचे नाव पडले होते अर्धविराम; एखादा अर्धविराम टाकायचा राहिला की गेम बंद पडे आणि तो बिचारा दिवसभर तोच शोधत बसे. आवाजवाल्याच्या कानांवर कायम हेडफोन असत, त्यामुळे तो कुठल्याच भांडणात कुणाच्याच बाजूने नसे. आणि चौथी होती मूर्तीवाली. गेममधली माणसे, दगड, दारे, पुतळे ती घडवी आणि गोष्टही तीच लिही. मी तिच्या वाट्याला आलो.

तिच्या गोष्टीतल्या मुलीची आई मेलेली असते आणि मुलगी तिला परत आणायला जमिनीखाली उतरते. हे तिने उगाच लिहिले नव्हते, मित्रांनो. वाचनालयातून तिने जाडजूड पुस्तके आणली होती. निरनिराळ्या धर्मांच्या, निरनिराळ्या देशांच्या जुन्या कथा होत्या त्यांत. त्यांतल्या कितीतरी कथांत कुणी ना कुणी मेलेल्या माणसासाठी पाताळात जाते आणि जाताना एकेक गोष्ट गमावत जाते. मूर्तीवालीने त्यांची टिपणे काढून माझ्यात ठेवली आणि त्यांवरून सात दारे आखली. प्रत्येक दारावर हात पुढे करून उभी असलेली एक दगडी राखणदारीण. तिच्यापुढे मुलीने आपले काहीतरी सोडून जायचे. चपला, कंदील, वेणीची फीत, अंगातला कोट, आईने शिकवलेले गाणे, आईच्या चेहऱ्याची आठवण, आणि सातव्या दारात स्वतःचे नाव.

"नाव कसं सोडणार, ताई?" अर्धविरामाने विचारले.

"खेळणाऱ्याने सुरुवातीला जे नाव टाइप केलं असेल ना, ते पडद्यावरून जाईल. पुन्हा येणारच नाही."

"पोरं शिव्या घालतील आपल्याला."

"घालू देत. गेलेल्या माणसामागे जाताना आपलं काहीच बरोबर येत नाही, हे कुणीतरी त्यांना सांगायला हवं ना?"

अर्धविराम म्हणाला, "आमची आजी गेली तेव्हा मला कुणी खोलीत सोडलं नव्हतं," आणि आपल्या खुर्चीकडे निघून गेला. त्या दिवसापासून सात दारांसाठी सगळ्यांत जास्त तोच खपला.

ते माझ्या उमेदीचे दिवस होते. एकेक दार घडवताना माझ्या पंख्याला धाप लागे, आणि मूर्तीवाली माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणे, "दम खा जरा." यंत्राला असे कोण म्हणतो?

विक्रीचा दिवस तोंडावर आला आणि एका सकाळी कॅप्टन तिच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला.

"सात दारं? अगं, आपण गेम करतोय की यात्रा काढतोय?"

"कॅप्टन, सातव्या दारासाठी तर हे सगळं आहे."

"तीन ठेव. गेम जड होतोय. आणि ते नाव पुसायचं खूळ काढून टाक. लोकांना वाटेल, काहीतरी बिघडलंय."

ती बोलून बोलून थकली. चार दारे गेली.

आता मूर्ती घडवण्याची रीत सांगतो, म्हणजे पुढची चूक समजेल. माणूस दोन्ही बाजूंनी सारखा असतो, म्हणून कारागीर एकच हात कोरतो. त्याची नक्कल काढतो, ती आरशात दिसते तशी उलटवतो आणि दुसऱ्या मनगटावर बसवतो. डाव्याचा उजवा होतो. शेवटच्या दिवशी भर दुपारी मूर्तीवालीने तिसऱ्या दारावरच्या राखणदारिणीचा डावा हात कोरला, नक्कल काढली, उजव्या मनगटावर ठेवली, आणि तेवढ्यात तिच्या बहिणीचा फोन आला.

"अगं, पोरीचा ताप उतरतच नाहीये. डोळे उघडत नाहीये ती. तू नीघ आधी!"

पोरगी म्हणजे मूर्तीवालीची लेक, तेव्हा जेमतेम एक वर्षाची. मूर्तीवालीने फाइल साठवली, घाईघाईत तिला नाव दिले 'हात नंतर उलटवायचा', आणि एका पायात चप्पल नीट नसतानाच ती जिना उतरली. तीन दिवस ती लेकीच्या उशाशी होती. त्या तीन दिवसांत कॅप्टनने गेम विक्रीला पाठवून दिला.

परत आल्यावर तिने तो हात पाहिला आणि कपाळावर हात मारला. "लगेच दुरुस्त करून देते," ती म्हणाली.

"राहू दे. कोण बघतंय एवढं!" कॅप्टन म्हणाला.

एकाने पाहिले. गेमचा अर्थ उलगडून सांगणारे व्हिडिओ तो करायचा, म्हणून त्याला सगळे अर्थवाला म्हणत. राखणदारिणीवर तो तासभर बोलला. "हृदय डाव्या बाजूला असतं," तो सांगत होता, "म्हणून या देवीचे दोन्ही हात हृदयाचे हात आहेत. ती अडवत नाही, ती माया करते. हा अपघात असूच शकत नाही!" तीन दारे म्हणजे भूत, वर्तमान आणि भविष्य, असेही त्याने सिद्ध केले. लाखो लोकांनी ते पाहिले. कुणी दोन डावे हात दंडावर गोंदवून घेतले.

त्या दिवशी आमच्या खोल्यांत हसून हसून सगळ्यांची पोटे दुखली. "ताई," अर्धविराम म्हणाला, "माझ्या चुकांना कधी कुणी नमस्कार केला नाही हो!" आवाजवाल्यानेसुद्धा हेडफोन काढला.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात कॅप्टनची मुलाखत आली. "आम्ही दोन वर्षं धर्मकथांचा अभ्यास केला. त्या हातांमागे फार खोल विचार आहे." मग कुणी हसले नाही. मूर्तीवाली वर्तमानपत्र घेऊन त्याच्यापुढे उभी राहिली.

"अभ्यास सातव्या दाराचा होता, कॅप्टन. हाताचा नव्हता."

"लोकांना जे सापडलं ते आपणच ठेवलं होतं म्हणायला आपलं काय जातं?"

आपले काय जाते, हे तिने गेमच्या शेवटी येणाऱ्या नावांत पाहिले. कथा आणि कल्पना, कॅप्टन. तिचे नाव 'विशेष आभार' या यादीत होते, पाण्याच्या बाटल्या पोहोचवणाऱ्याच्या खाली. काही महिन्यांनी तिने ते काम सोडले. तिथे नवी यंत्रे येणार होती. "हा भंगारातच जायचाय, हवा तर ने," कॅप्टन माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला. असा मी तिच्या घरी आलो.

घरी ती लॅपटॉपवर रिकाम्या फ्लॅटची चित्रे काढू लागली, गिऱ्हाइकांना घर भरलेले दिसावे म्हणून. माझी जागा टेबलाखाली, इस्त्रीच्या कपड्यांच्या टोपलीशेजारी ठरली. माझ्यावर धूळ बसली. पण मित्रांनो, बंद यंत्रासमोर माणसे फार मोकळेपणाने बोलतात. ते सगळे बोलणे मला पाठ आहे.

लेक अकरा वर्षांची झाली. वर्गात सगळे तोच गेम खेळत. एक दिवस ती अभिमानाने म्हणाली, "राखणदारीण माझ्या आईने केलीय." मुलांनी शेवटची नावे पाहिली आणि तिला नवे नाव दिले, थापाडी. बाकावर खडूने तेच लिहीत. ती घरी येऊन कपड्यांच्या टोपलीत तोंड खुपसून रडे, आणि आईने विचारले की म्हणे, "काही नाही, सर्दी झालीय." पण आईला कळायचे ते कळले होते.

त्याच सुमारास दहा वर्षांनी कॅप्टन घरी आला, सोबत एक कॅमेरावाला घेऊन. गेमची नवी, देखणी आवृत्ती निघणार होती.

"या वेळी तुझं नाव सगळ्यात आधी," तो म्हणाला. "मोठ्या अक्षरांत. फक्त कॅमेऱ्यासमोर एवढं सांग, की हात तू मुद्दाम तसे केलेस."

"पण मी नाही केले मुद्दाम."

"ते तुला माहीत, मला माहीत. जगाला वेगळं माहीत आहे. आता जगाला खोटं पाडत बसू का?"

"मग माझी सात दारं परत घाला. ती मुद्दाम होती."

कॅप्टन हसला. "आता सात केली तर लोक म्हणतील, यांनी अर्थाची वाट लावली. तीन दारांनाच अर्थ आहे आता."

"मग मला जमणार नाही. चहा घ्या आणि या."

लेक दाराशी उभी होती. "आई," ती म्हणाली, "एकच तर वाक्य आहे."

"बाळा, ते खरं नाहीये."

"मी खरं बोलले तरी मला थापाडीच म्हणतात ना?"

मूर्तीवाली केस सारखे करून खुर्चीत बसली आणि म्हणाली, "दोन्ही हात डावे असणं हे पहिल्या दिवसापासून माझ्या मनात होतं."

"छान, ताई," कॅमेरावाला म्हणाला, "फक्त जरा हसून परत एकदा."

तिने हसून परत एकदा म्हटले.

नाव आले. सगळ्यांच्या आधी, मोठ्या अक्षरांत. वर्गातल्या मुलांनी स्वतःच बाक पुसला. जे कालपर्यंत चिडवत होते ते आता डब्यातला घास पुढे करू लागले. आणि बाई म्हणाल्या, "आईने काढलेलं राखणदारिणीचं अगदी पहिलं चित्र घेऊन ये हं सोमवारी. आपण शाळेच्या दारात लावू."

रविवारी सकाळी लेकीने मला फडक्याने पुसले आणि कितीतरी वर्षांनी सुरू केले. जागा व्हायला मला चार मिनिटे लागली. जुन्या कामाचे फोल्डर तिने उघडले. त्यात सात दारे होती, आईची टिपणे होती, आणि त्यांच्याखाली एक फाइल होती. 'हात नंतर उलटवायचा'. तिने ते नाव दोनदा वाचले आणि ती उठून स्वयंपाकघरात गेली.

"आई, हात मुद्दाम होते ना?"

"नाही गं. तुला ताप आला होता. घाईत राहिला."

"मग मुद्दाम काय होतं?"

"सातवं दार."

"ते तर गेममध्ये नाहीच!"

"नाहीच."

"मग तू खोटं का बोललीस?"

भांड्यांचा आवाज थांबला. "तुझ्या बाकावर मुलं काय लिहायची ते विसरलीस?"

लेकीने हळूच विचारले, "बाईंना काय देऊ?"

"सांग, सापडलं नाही."

"मग पुन्हा सुरू करतील सगळे. आता तुलापण म्हणतील."

नळ सुरू झाला.

मित्रांनो, तुम्हीही गेम खेळाल. त्यांत देव दिसतील, राक्षस दिसतील, झाडे, पायऱ्या, दारे दिसतील, आणि यांत काही दडले आहे का, असे तुमच्या मनात येईल. जरूर शोधा. काही वेळा कुणीतरी खरोखरच रक्त आटवून ते ठेवलेले असते. काही वेळा घरी लेकरू तापाने फणफणलेले असते. बाहेरून दोन्ही सारखेच दिसते. म्हणून घडवणाऱ्याला विचारा, आणि तो 'माझी चूक झाली' म्हणाला, तर त्याला तसे म्हणू द्या. 'चूक नव्हतीच' असे त्याच्याकडून वदवून घेऊ नका. आणि आमच्यासारखी जुनी यंत्रे टाकण्याआधी, पुसण्याआधी, आत कुणाची वर्षे ठेवलेली आहेत ते एकदा उघडून पाहा. मी एवढीच विनवणी करू शकतो. मला हात नाहीत.

लेक परत येऊन माझ्यासमोर बसली. तिने ते सबंध फोल्डर निवडले. मी विचारले, कायमचे पुसायचे का? आम्हाला एकदाच विचारता येते. तिने 'हो' दाबले. तेव्हापासून ती दारे माझ्यात नाहीत. तुम्हाला सांगितले ते नुसते ऐकून लक्षात राहिलेले.

मग तिने एक कोरा कागद घेतला आणि पेन्सिलीने राखणदारीण काढली. आधी डावा हात, मग दुसराही डावाच. कागद जुना दिसावा म्हणून तिने तो चुरगळला, तळहाताने पुन्हा सपाट केला आणि खाली कोपऱ्यात, आईच्या अक्षराचे वळण जपत, अकरा वर्षांपूर्वीची तारीख घातली.