सरिता माझा हॉर्न ऐकून लपली

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे. कधीकाळी पांढरीशुभ्र होते, आता मातकट झाले आहे. माझ्या दोन्ही अंगांवर निळ्या अक्षरांत बालिकाश्रमाचं नाव होतं. त्यातली निम्मी अक्षरं उन्हानं खाल्ली.

आमचा बालिकाश्रम चिकलठाण्याच्या पुढं, जालना रोडपासून थोडा आत आहे. छत्रपती संभाजीनगरातली एक ख्रिस्ती मंडळी तो चालवते. कारखान्यातून निघाले तेव्हा मला वाटलं होतं, आपण आता पर्यटक घेऊन अजिंठ्याला जाणार. पण मंडळीतल्या लोकांनी वर्गणी काढून मला घेतलं. चर्चच्या अंगणात झेंडूचा हार घालून मला उभं केलं. पाळकसाहेबांनी माझ्या बॉनेटवर हात ठेवून प्रार्थना केली आणि म्हणाले, "ही गाडी लेकरांची आहे." बायकांनी डोळे पुसले. तेवढं कौतुक पुन्हा माझ्या वाट्याला आलं नाही.

तेव्हापासून मी लेकरंच वाहिली. शाळेत नेली, तापानं फणफणलेली दवाखान्यात नेली, नाताळात गाणी म्हणत घरोघर फिरवली. नवीन मुलंही मीच आणायची. नवीन मूल खिडकीशी बसत नाही, मित्रांनो. ते पुढच्या सीटचा दांडा घट्ट धरतं आणि नुसतं समोर बघत राहतं. त्या दांड्याचा रंग त्यांच्या मुठींनीच उडाला आहे.

सरिता आणि तिचा धाकटा भाऊ प्रणय यांना मी फर्दापूरहून आणलं. आईबाप एकाच अपघातात गेले होते. मागं उरली आजी, मालनबाई. तिला स्वतःलाच उठवत नव्हतं. दोघं माझ्यात बसली तेव्हा ती उंबऱ्यातूनच सरिताला म्हणाली, "भावाला सोडू नको, बाय." एवढंच बोलली आणि पाठ फिरवून बसली. सरितानं अख्खा घाट चढून होईपर्यंत भावाचा हात सोडला नाही.

आमच्याकडं लहान मुलगे ठेवायची परवानगी होती, पण ठरावीक वयापर्यंतच. त्यानंतर मुलग्यांना जालन्याच्या मुलांच्या वसतिगृहात पाठवायचे. हे सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त या दोघांना कुणी सांगितलं नव्हतं. बालिकाश्रम सांभाळायच्या त्या रत्नमालाबाई. मुली त्यांना मावशी म्हणत. त्या आज सांगू, उद्या सांगू करत राहिल्या. शेवटी ज्या सकाळी प्रणयची ट्रंक माझ्यात ठेवली, त्या सकाळी सरिताला कळलं.

ती माझ्यामागं धावली. फाटकापासून थेट मोठ्या रस्त्यापर्यंत धावली. मागच्या काचेला गाल चिकटवून प्रणय "ताई, ताई" ओरडत होता. माझा चालक कारभारी ओठ चावत गाडी हाकत होता. मला थांबायचं होतं. पण ब्रेकवर पाय माझा नसतो, मित्रांनो.

त्यानंतर सरिता माझ्यात बसली नाही. शाळेत चालत जायची आणि मी दिसले की तोंड फिरवायची. माझेही दिवस फिरले होते. सीट फाटल्या, दार दोरीनं बांधावं लागे. नवीन गाडी घ्यायचीच आहे, मग हिच्याकडं कशाला बघा, असं आश्रमाच्या कमिटीत ठरलं होतं.

एप्रिलमधली गोष्ट. शाळा सुटली आणि सरिता परत आली नाही. बाईंनी शाळेत फोन केला. ती सकाळी शाळेत गेलीच नव्हती. बाई माझ्या पुढच्या सीटवर येऊन बसल्या. त्यांच्या पायात चप्पलसुद्धा नव्हती.

"ती जालन्याकडंच गेली असणार. चला, कारभारीभाऊ."

रस्त्यावर डांबर पाघळत होतं. ट्रक अंगावरून गेल्यासारखे जात होते. शेंद्र्यापर्यंत प्रत्येक झाडाखाली, प्रत्येक टपरीशी कारभारी मला थांबवी आणि हॉर्न वाजवी. माझा हॉर्न जरा घोगरा आहे, आश्रमातली सगळी पोरं तो ओळखतात. म्हणून मीही जीव तोडून वाजत होते. सरिता, ये. सरिता, बाहेर ये.

करमाडच्या अलीकडं एका रसवंतीवाल्यानं हात केला. "निळ्या फ्रॉकवाली पोरगी का? इथं पाणी पिली की. पण तुमचा हॉर्न वाजला अन् पळाली ना ती! त्या तिकडं, शेताकडं."

  जिला शोधायला मी ओरडत होते, ती माझ्याच आवाजानं पळत होती. तिच्या लेखी मी भावाला पळवून नेणारी होते.

"कारभारीभाऊ, गाडी बंद करा," बाई म्हणाल्या, "आणि इथंच थांबा." त्या अनवाणीच शेतात उतरल्या. "सरिते! गाडी बंद केलीय गं! मी एकटीच येतेय!" त्यांचा आवाज लांब लांब जात राहिला. कारभारी स्टिअरिंगवर डोकं टेकून पुटपुटत होता, "देवबापा, पोर सापडू दे. माझं काय बी ने, पण पोर सापडू दे."

शेवटी त्या दोघी दिसल्या. सरिता बांधाखालच्या एका कोरड्या मोरीत दडून बसली होती. तिचा एक पाय रक्तानं माखला होता. माझ्यापासून चार हातांवर येऊन ती थांबली.

"मी या गाडीत नाय बसणार."

"मग कुठं जाणार, बाळा?"

"जालन्याला."

"ते माझ्या हातात नाही गं."

"तुमच्याच हातात व्हतं, मावशी," सरिता म्हणाली. "तुमीच बसवलं त्याला गाडीत."

बाई धुळीत बसून पदरानं तिच्या पायाचं रक्त पुसू लागल्या. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. कमिटीचे अध्यक्ष इंद्रजीत साहेब होते. त्यांचा आवाज माझ्यापर्यंत येत होता. "सापडली ना? मग सरळ आश्रमात आणा. नियमाबाहेर काही करू नका."

"आणते," बाई म्हणाल्या. "आधी तिला तिचा भाऊ दाखवते." आणि फोन ठेवला.

तेव्हा कुठं सरिता माझ्यात बसली.

जालन्याच्या वसतिगृहात प्रणय पायरीवर बसला होता. तिथले गुरुजी म्हणाले, "आल्यापासून बोलतच नाही. जेवतो चार घास." बहीण दिसली तरी तो धावला नाही. ती जवळ गेल्यावर त्यानं फक्त तिचा फ्रॉक मुठीत धरला. निघायची वेळ झाली तरी मूठ सुटेना. त्याची बोटं एकेक करून सोडवावी लागली, आणि ती बाईंनीच सोडवली. परतीच्या वाटेवर सरिता रडली नाही. बाई मात्र तोंडात पदर कोंबून बसल्या होत्या.

त्या रविवारी मी चर्चच्या खिडकीखाली उभी होते. उपासनेच्या शेवटी बाई उठल्या. "नाताळला तुम्ही केक आणता, फोटो काढता, लेकरांसाठी प्रार्थना करता. पण एका बहीणभावाला एका छपराखाली ठेवील असं एकही घर आपल्या मंडळीत नाही का?"

 कुणी उठलं नाही. पुढच्या रविवारीही नाही. बाहेर पडताना लोक बाईंची नजर चुकवत होते. सरितानं चर्चमध्ये जाणं सोडलं होतं. उपासना चालू असताना ती माझ्यात येऊन बसायची. मी तिला जालन्याला, भावाकडं नेलेली गाडी होते ना.

मग एका रविवारी इंद्रजीत साहेब आणि त्यांच्या पत्नी सुलेखाबाई माझ्या दाराशी आले. प्रणयला पाठवायचा निर्णय साहेबांच्याच सहीनं झाला होता. दाराच्या दोरीशी चाळा करत त्यांनी सरिताला विचारलं,

"आमच्या घरी राहायला येशील का, बेटा?"

"प्रणय?"

"तोही. दोघंही."

सरितानं विचार केला. मग विचारलं, "अन् आमी खोड्या केल्या, तर ही गाडी परत न्यायला यील का?"

 सुलेखाबाई म्हणाल्या, "आली तर मी आडवी पडेन हिच्यापुढं. बघतेच कशी नेते ते."

पण बोलल्यासारखं लगेच झालं नाही. चौकशा झाल्या, सरकारी लोक घर पाहून गेले, तारखा पुढं गेल्या. दरम्यान प्रणयला कावीळ झाली. तो वाचतो की नाही, या काळजीत बाई पुन्हा पुन्हा जालन्याला जात राहिल्या. मी धापा टाकत त्यांना नेत राहिले. दिवाळी उलटून गेल्यावर परवानगी आली आणि मी त्या दोघांना साहेबांच्या छावणीतल्या घराशी उतरवलं. प्रणय हाडाचा सापळा झाला होता. सरिता त्याला धरून पायऱ्या चढली आणि दार लागलं. मी रिकामी परतले.

मित्रांनो, आता मला भंगारात काढणार आहेत. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. वेळीच काळजी घेतली असती तर आणखी काही वर्षं धावले असते, एवढंच. पण लेकरांच्या बाबतीत असं होऊ देऊ नका. त्यांना जेवण, कपडे, वह्या द्याच. पण बहिणीपासून भावाला तोडू नका, आणि जमलं तर आपल्या घराचं दार उघडा. तुम्ही लहान असाल तर मोठ्यांना विचारा, पुन्हा पुन्हा विचारा.

कारण परवाच्या रविवारी, उपासना चालू असताना, आश्रमातली रूपा नावाची चिमुरडी माझ्यात येऊन बसली. सरिता इथं बसायची म्हणून तिला घर मिळालं, असं तिला कुणीतरी सांगितलं आहे. उपासना संपली. माणसं बाहेर आली, चपला घालून आपापल्या घरी गेली. रूपा दाराची दोरी सोडून, दार उघडं ठेवून, तशीच बसून राहिली.