नावाआधीचा ठिपका

मी एक जुनी टपालपेटी आहे, मित्रांनो. दोन वीत उंच आणि डावीकडे जराशी कललेली. मला घडवणारा तरुण पत्र्याच्या दुकानात कामाला होता. तेलाचा रिकामा डबा कापून त्याने मला जन्म दिला, दाराच्या चौकटीवर बसवले आणि माझ्यावर पांढऱ्या रंगात स्वतःचेच नाव लिहिले.

"घर माझं आणि नाव तुझं होय रे?" त्याची आई म्हणाली.

"पत्रं माझीच येणार ना आई! तुला कोण लिहितंय?"

मग तो सैन्यात गेला. दर आठवड्याला माझ्या पोटात त्याचे पत्र पडू लागले. आईने नेम धरला. सकाळी देवाला हात जोडायचे, मला फडक्याने पुसायचे, आत हात घालून पाहायचे आणि मगच पाण्याचा घोट घ्यायचा.

लढाई झाली आणि एक सरकारी लिफाफा आला. त्यात त्याच्या नावापुढे लिहिले होते, 'बेपत्ता'. मला तेव्हाच राग आला. पत्ता तर याच दाराचा होता!

दोन वर्षांनी शत्रूच्या तुरुंगातून सुटलेला एक जवान दारी आला. "मावशी, शेजारच्या बराकीत आहे तो. खोकतो, पण हिंडतोफिरतो. पहारेकऱ्यांच्या फुटक्या बादल्यासुद्धा सांधून देतो." आईने त्याचा जबाब लिहून कचेरीत नेऊन दिला. तिथे तो फायलीत गेला आणि फाईल कपाटात गेली.

नऊ वर्षे गेली. गावात स्मारक उभे राहिले, आणि सैनिकांच्या दारावरच्या पाट्या नव्याने रंगवायचे ठरले. रंगारी आला. त्याने यादी पाहिली आणि माझ्यावरच्या नावाआधी लिहिले, 'कै.' म्हणजे कैलासवासी. ठिपका तर असा टपोरा दिला की त्याचा ओघळ माझ्या तळापर्यंत आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईचे फडके तिथेच थांबले. तिने आयुष्यात कधी आवाज चढवला नव्हता, तेव्हाही चढवला नाही. पेचकस आणला, मला उतरवले, काखेत मारले आणि थेट कचेरी गाठली. रंगारीही बाकीच्या पाट्यांची यादी घ्यायला तिथेच आला होता.

"आजी, हा तर गौरव आहे," कारकून म्हणाला.

"जिवंत माणसाचा?"

"यादीत रकाने दोनच आहेत. परत आलेले आणि कैलासवासी. तुमचा मुलगा परत आलेला नाही."

"मग तिसरा आखा. पट्टी नाही का तुमच्याकडे?"

मागे कोणीतरी खुसकन हसले. कारकून चिडला. "असं चालत नाही. नाव कैलासवासींच्या रकान्यात चढलं की शोधाची फाईल बंद होते."

"म्हणजे एका ठिपक्यानं तुम्ही मोकळे, आणि तो तिथं अडकलेलाच?"

रंगारी ओशाळून पुढे आला. "आई, चुकलो. आत्ता पुसतो."

"सगळं पुसू नका. 'कै' असू दे. ठिपका तेवढा काढा आणि तिथं 'दी' लिहा."

त्याने लिहिले. कैदी. मग माझ्या मालकाचे नाव. आईने मला कारकुनाच्या टेबलावर, त्याच्या चहाच्या कपाशेजारी ठेवले. "आता हे वाचा आणि यादी सुधारा. सकाळपासून मी पाणी प्यायलेली नाही. तुमचं काम होईपर्यंत पिणार नाही."

कारकुनाने बराच वेळ कागद इकडचे तिकडे केले. मग खण उघडला आणि पट्टी काढली. तिसऱ्या रकान्यावर त्याने लिहिले, 'शोध चालू'.

मित्रांनो, मी पुन्हा दारावर आहे. तो अजून आलेला नाही. तुम्ही स्मारकावर फुले जरूर वाहा, पण तिथे ज्यांची नावे नाहीत त्यांचे काय झाले, हेही मोठ्यांना विचारा. आणि उद्या तुमच्या हाती पेन आले, तर कोणाच्याही नावाआधी ठिपका देताना क्षणभर थांबा. कुठल्यातरी दारात एक आई अजून पाणी न पिता थांबलेली असेल.