अकरा छापील ठिगळं

मी एक जुनी केप आहे. हो, केप! सुपरहिरोच्या पाठीवर वाऱ्याने फडफडत असते ना, तीच. हसू नका, मित्रांनो. आज मी एका गोदामात, लोखंडी कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात पडून आहे. माझ्या अंगावर एका राणीचा झगा टाकलाय आणि शेजारी एक रबरी मगर आहे. माझ्या गळ्याला पुठ्ठ्याचा तुकडा बांधलाय, त्यावर नुसता आकडा. नाव नाही. पण एके काळी माझं असं काही कौतुक झालं होतं की काही विचारू नका! ते कसं झालं आणि कसं धुळीला मिळालं, तेच आज सांगते. गोड शेवटाची आशा मात्र ठेवू नका. नंतर मला बोल लावाल, म्हणून आधीच सांगून ठेवलं.

माझा जन्म दोनदा झाला. पहिल्यांदा कागदावर. एक चित्रकार आजोबा मुलांच्या एका साप्ताहिकाच्या शेवटच्या पानावर सलग एकोणीस वर्षं चित्रकथा काढत होते. तिच्या नायकाचं नाव ठिगळ्या. टपाल कचेरीत पत्रं निवडणारा एक भित्रा कारकून. त्याला ना उडता येत होतं, ना भिंतीपलीकडचं दिसत होतं. झुरळ दिसलं तरी तो खुर्चीवर चढायचा. त्याच्याकडे होता फक्त डोळ्यांपुरता मुखवटा आणि एक निळी केप, तीही आईच्या जुन्या पडद्याची. पण तो ज्याला वाचवायचा, तो माणूस आपल्या कपड्याचा एक तुकडा कापून त्याला द्यायचा. ठिगळ्या तो तुकडा स्वतःच्या हाताने केपला शिवायचा, आणि मग त्या माणसाला जे येत असेल ते थोडंसं ठिगळ्यालाही यायला लागायचं. बस्स, त्याची जादू म्हणजे एवढीच. म्हणजे बघा, त्याला ताकद मिळायची ती काम झाल्यावर! ऐन संकटात त्याच्याकडे असायची नुसती भीती, आणि आधीच्या लोकांची ठिगळं.

एक दिवस मालिका काढणारे एक गृहस्थ आजोबांकडे आले. सगळे त्यांना साहेब म्हणत.

"आजोबा, तुमचा ठिगळ्या घराघरात पोचवतो बघा!"

आजोबांनी चष्मा पुसला. तेव्हाच त्यांची नजर अधू झाली होती, हातही थरथरत. त्यामुळे अकराव्या ठिगळाची गोष्ट, म्हणजे शेवटचीच, काढायची राहून गेली होती. आपला ठिगळ्या एकदा हलता-बोलता बघावा, एवढीच त्यांची इच्छा उरली होती.

"न्या की," ते म्हणाले. "पण एक अट आहे. आधी माणूस वाचवायचा, मग ठिगळ शिवायचं. उलटं कधी करायचं नाही."

"अहो, एवढंच ना!" साहेब हसले.

आजोबांनी आपल्या मुलीकडे बघितलं. ती मालिकांचे कपडे शिवायची. सेटवर सगळ्यांची ती ताई. "तू आहेस ना तिथे? मग मी निवांत."

"मी आहे, बाबा. तुम्ही काळजीच करू नका," ताई म्हणाली.

माझा दुसरा जन्म ताईच्या टेबलावर झाला. तिने जाड निळं कापड आणलं, तीनदा धुऊन त्याची नवी चकाकी घालवली आणि मगच कात्री लावली. काय कात्री चालायची तिची, वा! माझं अंग अगदी कोरं ठेवलं होतं. एकही ठिगळ नाही. मी ज्याच्या गळ्यात पडले तो नटही नवखाच होता, काडीसारखा. पहिल्याच तालमीत त्याचा पाय माझ्यावर पडला आणि स्वारी तोंडावर आपटली.

"अरे, हिला सांभाळून चाल की, पडदा ओढल्यासारखा काय चालतोस!" ताई ओरडली.

"ताई, ही केप आहे की घसरगुंडी?"

ताईने मला चार बोटं आखूड केलं. पण त्याचं ते धडपडणं तालमीला आलेल्या आजोबांना इतकं आवडलं की त्यांनी ते तसंच ठेवायला लावलं.

पहिला भाग तुम्हाला आठवतो का? नसेलच आठवत, जाऊ दे. एका दवाखान्याच्या जुन्या लिफ्टमध्ये लिफ्टवाले काका अडकतात. ठिगळ्या वरच्या झडपेतून आत उतरतो, आणि मग दोघेही अडकतात! काकांचा जीव घाबरा होतो. ठिगळ्याचा तर त्याहून जास्त. तो काकांचा हात धरून त्यांना विचारत राहतो, "ही तार कसली? हा खटका कशाचा?" आणि काका सांगता सांगता शांत होतात, दोघं मिळून लिफ्ट सुरू करतात. शेवटी काका आपल्या खाकी सदऱ्याचा खिसा उसवून देतात. त्या नटाने खरंच सुईत दोरा ओवला. पाच वेळा हुकला. कॅमेरा थांबून राहिला. कोणी 'कट' म्हटलं नाही. सहाव्यांदा दोरा गेला आणि सेटवर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या!

मित्रांनो, तो खिसा माझ्या उजव्या खांद्यावर बसला तेव्हा मला काय वाटलं, कसं सांगू? टोचलं, हे तर खरंच. पण मी कोणाची तरी झाले.

दुसऱ्या भागात इस्त्रीवाल्या मावशींच्या पदराचा तुकडा मिळाला आणि मग तर धमालच उडाली. मुलं टॉवेलांना ठिगळं लावून गल्लीत धावू लागली. ताईची मुलगी, तिला सगळे चिमणी म्हणायचे, तिने स्वतःच्या नव्या फ्रॉकची बाही कापली आणि पाठीत धपाटा खाल्ला. आजोबा टीव्हीला नाक लावून बघायचे आणि शिवणाचा प्रसंग आला की त्यांचा अंगठा आणि तर्जनी आपोआप सुई धरल्यासारखी जुळायची.

आणि इथेच माशी शिंकली. झालं असं, की मालिका गाजली.

गाजल्यावर साहेबांना सगळं मोठं हवं झालं. शेवटच्या भागासाठी कोसळणाऱ्या पुलाचा अवाढव्य सेट उभा राहिला. तो फार दिवस ठेवता येणार नव्हता, म्हणून ठरलं की शेवटचा भाग आधी चित्रित करायचा. पण शेवटच्या भागात केपवर अकरा ठिगळं हवीत, आणि माझ्यावर तर दोनच! बैठक बसली. मी ताईच्या मांडीवर होते.

ताई म्हणाली, "मला आठ दिवस द्या. मी तीन वेगळ्या केपा करते. एक दोन ठिगळांची, एक सहाची, एक अकराची. प्रत्येक भागाला जी हवी ती काढायची."

"आठ दिवस?" साहेबांनी कपाळाला हात लावला. "ताई, पूल काय तुमची वाट बघत उभा राहणारे? एक काम करा. अकराही ठिगळं छापूनच टाका कापडावर. सहा केपा काढा, सगळ्या सारख्या. सगळ्या भागांना त्याच वापरू."

"पण मधल्या भागांत? ज्यांना अजून वाचवलंच नाही त्यांची ठिगळं...?"

"कोण मोजत बसतंय हो! फडफडताना सगळं सारखंच दिसतं. आणि तो सुई-दोऱ्याचा प्रसंग काढा आता. लोक पेंगतात."

खोलीत सगळ्यांनी माना डोलावल्या. ताईने तोंड उघडलं. मला वाटलं, आता ती आजोबांची अट सांगणार! तिच्या बोटांनी माझी कड घट्ट धरली होती. मग तिने तोंड मिटलं. का? ते मी आजही सांगू शकत नाही. तिची नोकरी होती, घर तिच्यावर चालत होतं, आणि त्या खोलीत ती एकटी होती. ती एवढंच म्हणाली, "बघते." आणि दुसऱ्या दिवशी तिने मला स्वतःच्या हाताने नक्कल घेणाऱ्या यंत्राच्या काचेवर पसरलं. एक झगझगीत पट्टा माझ्यावरून फिरला. उरलेली नऊ ठिगळं संगणकावर कोणीतरी रंगवली, अकरावं तर मनानेच. आठवड्याच्या आत सहा चकचकीत केपा तयार. टाका नाही, दोरा नाही. वजनाला तर फुलासारख्या!

माझं काम संपलं. ताईने मला पिशवीत घालून घरी नेलं आणि खुर्चीच्या पाठीवर टाकलं. आजोबांना तिने काहीच सांगितलं नाही.

तिसरा भाग लागला तेव्हा सगळे टीव्हीसमोर होते. गोष्ट बसच्या ड्रायव्हरकाकांची. गुंड त्यांची बस पळवतात आणि ठिगळ्या त्यांना शोधत गल्लीबोळांत रस्ता चुकतो. मूळ चित्रकथेत या पानावर मुलं श्वास रोखून बसायची. कारण ठिगळ्याला शहरातले रस्ते कळायला लागतात ते नंतर, ड्रायव्हरकाकांचं ठिगळ मिळाल्यावर.

चिमणी एकदम उठून उभी राहिली. "आई! ड्रायव्हरकाकांचं ठिगळ तर त्याच्या खांद्यावर आत्ताच आहे!"

"बस खाली. बघू दे आजोबांना."

"अगं पण मग हा रस्ता चुकतोच कसा? सगळे रस्ते माहीत असलेल्या माणसाचं ठिगळ लावून हा वेड्यासारखा फिरतोय! उगाचच घाबरल्यासारखं करतोय!"

आजोबा खुर्ची ओढत अगदी टीव्हीपाशी गेले. चित्र क्षणभर स्थिर झालं, ठिगळ्या पाठमोरा उभा होता. आजोबांनी काचेवर बोट ठेवलं आणि हळूहळू मोजायला सुरुवात केली. "एक. दोन. तीन..." चित्र बदललं, तरी त्यांचं बोट मोजतच राहिलं. "अकरा."

मग ते मागे वळले. "याने सगळ्यांना वाचवून झालंय. मग आता हा धावतोय कोणासाठी?"

"बाबा, मी... वेळच नव्हता हो."

"तू होतीस ना तिथे?"

"होते."

एवढंच. आजोबा ओरडले असते तर बरं झालं असतं.

पुढच्या आठवड्यात चिमणीच्या वर्गातल्या सगळ्या मुलांनी ठिगळं मोजली होती. लहान मुलं मोजतात, मित्रांनो! मोठ्यांना वाटतं की सुपरहिरोच्या गोष्टीत मुलांना नुसती हाणामारी हवी असते. पण ज्याला काहीच होऊ शकत नाही त्याची काळजी कोण करणार? बघणारे घटले. तेव्हा साहेबांनी काय करावं? त्यांनी स्फोट वाढवले. एका खलनायकाचे चार केले. नटाचा देखणा चेहरा दिसावा म्हणून मुखवटा काढला आणि त्याचं अडखळणं बंद करून त्याला हवेत उडवलं. टपाल कचेरीतल्या त्या भित्र्या कारकुनाला! जितके घाबरले तितकं मोठं करत गेले, आणि जितकं मोठं केलं तितकी माणसं उठून गेली. सातव्या भागानंतर मालिका बंद पडली. तो अवाढव्य पूल कोणाला दिसलाच नाही.

वर्तमानपत्रात छापून आलं, 'मुळात कथेतच दम नव्हता.' साप्ताहिकाने जुन्या चित्रकथांचं पुस्तक काढायचं ठरवलं होतं, तेही रद्द केलं. बागेत एका मुलाने आजोबांना विचारलं, "ते भंगार ठिगळ्यावाले तुम्हीच का?" तेव्हापासून आजोबा बागेत जायचे बंद झाले.

मग एका रविवारी दुपारी चिमणीने कागद आणि पेन्सिल आजोबांच्या पुढ्यात ठेवली.

"आजोबा, मालिका गेली उडत. तुम्ही मला अकरावी गोष्ट काढून द्या. खरी. ते अकरावं ठिगळ कोणाचं?"

"हात थरथरतो गं."

"थरथरू दे! ठिगळ्यापण थरथरतोच की."

आजोबा हसले. खूप दिवसांनी. ताईसुद्धा शिवण खाली ठेवून जवळ आली. त्यांनी पेन्सिल उचलली, आणि खुर्चीवरून बघताना मला वाटलं, आता सगळं ठीक होणार!

त्यांनी डोकं काढलं, खांदे काढले. मग थांबले. खोडलं. पुन्हा काढलं. तिसऱ्यांदा चिमणीने वाकून बघितलं आणि ती पटकन बोलून गेली, "हा तर टीव्हीतला आहे."

खरंच. नाक त्या नटाचं, हनुवटी त्या नटाची, छाती पुढे काढलेली. आजोबांनी डोळे मिटले. एकोणीस वर्षं दर आठवड्याला काढलेला तो घाबरट चेहरा ते आत शोधत होते. बराच वेळ शोधला.

"नाही येत," ते म्हणाले. "तो गेला बघ."

"बाबा, तुमची जुनी पानं काढू का? त्यात बघून..."

"ती बघून नक्कल होईल, पोरी. आणि नकला ढीगभर झाल्या आहेत."

त्यांनी पेन्सिल ताईच्या हातात दिली. अकरावं ठिगळ कोणाचं, हे त्यांनी कोणालाच सांगितलं नाही. पुढे त्यांनी तो विषयच कोणाला काढू दिला नाही आणि नंतर विचारायला ते राहिले नाहीत. मालिकांचे कपडे ठेवणाऱ्या गोदामवाल्याचा निरोप आल्यावर ताईने मला घडी घालून इथे जमा केलं. ती आता फक्त गणवेश शिवते, असं ऐकलं.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या मोठं होऊन एखाद्याची गोष्ट पडद्यावर नेईल. मी हात जोडते, म्हणजे मला हात असते तर जोडले असते, त्या गोष्टीची अट काय आहे ते आधी समजून घ्या. तिचा हिरो कोराच असू द्या, त्याला घाबरू द्या, त्याचा दोरा पाच वेळा हुकू द्या. आणि बैठकीत बोलायची वेळ येईल तेव्हा बोला. मी सांगते म्हणून कोणी ऐकेल, असं मला वाटत नाही. गोदामात माझ्यासारख्या पुष्कळ आहेत, आणि दर महिन्याला नवी भर पडते.

बरं, निघा आता. जाताना कपाटाचं दार लावून घ्या. उजेडाने माझा रंग उडतो.