पाहुण्याचा वाटा

झूराकानने मांसाची परात चौथ्यांदा पुढे सरकवली. बुरुलचानेही चौथ्यांदा ती मागे ढकलली आणि मांडीवरचा फॉर्म सरळ केला.

"एजे," थोरल्या बहिणीला हाक मारावी तशी ती म्हणाली, "आधी हे होऊ द्या. पाचच्या आत कोर्टात पोचायला हवं."

"खाल्ल्याशिवाय कुणी लिहितं का? जायना, चहा ओत."

बुरुलचा बिश्केकच्या प्रोबेशन कचेरीत होती. आरोपीने गुन्हा का केला, याचा अहवाल ती लिहायची. त्यावरून न्यायाधीश ठरवायचे, तुरुंग की देखरेखीखाली घर. झूराकानच्या मुलाने, एल्दियारने, विजेची तांब्याची तार कापली होती. पहिलाच गुन्हा होता. अहवाल नीट गेला, तर पोरगा शनिवारी घरी आला असता.

आणि हे घर तर पार सजून बसलं होतं. भिंतीवर गालिचा, जमिनीवर अंथरलेल्या दस्तरखानावर तळलेले बोर्सोक, तीन तऱ्हेचे मुरंबे. गालिच्याचे खिळे कोरे होते आणि खाली चुन्याचा भुगा पडला होता.

"वडील?"

"रशियात. बांधकामावर मुकादम आहेत. नवरोझच्या सणाला येतील."

एल्दियारच्या बहिणीचा, जायनाचा, चहा ओतणारा हात थबकला. एल्दियारचा जबाब बुरुलचाच्या फाइलमध्येच होता: नऊ वर्षांत बापाचा एक फोन नाही. तिने घड्याळाकडे पाहिलं. आता आडपडदा ठेवून भागणार नव्हतं.

"एजे, स्पष्ट सांगते. हे घर जेवढं सुखवस्तू दिसेल, तेवढा एल्दियार आत राहील. कोर्ट विचारेल, सगळं होतं, मग चोरी का केली?"

झूराकानने डोक्यावरचा रुमाल उगाच घट्ट केला.

"म्हणजे आमचं घर वाईट म्हणून पोरगा चोर, असं लिहायचं?"

"घर नाही हो. परिस्थिती."

"ही पण त्याच परिस्थितीत वाढली की! हिने कुठं तार कापली?"

जायनाने मान खाली घातली. प्रशिक्षणात बुरुलचाला गुन्ह्याची सहा कारणं शिकवली होती, फॉर्मवर त्यांचे सहा चौकोनही होते. ही पोरगी त्यातल्या एकाही चौकोनात बसत नव्हती. बुरुलचाला स्वतःच्याच कामाचा मनस्वी राग आला.

झूराकान उठली, पडदा सारखा केला, परत बसली, परत उठली.

"मी दारू पिते असं लिहा."

"आई!"

"तू गप गं. चालेल ना बाई? सुटेल ना लवकर?"

"तुम्ही पीत नाही, एजे."

"लिहायला काय जातंय? पण त्यांचं काही लिहू नका. पोरांच्या नावामागं त्यांचंच नाव लागतं."

बुरुलचा हात धुवायला म्हणून आतल्या खोलीत गेली. चुलीवर एकच पातेलं होतं, त्याच्या बुडाला शेजारच्यांचं नाव रंगवलेलं. पिठाचं पोतं तळापर्यंत गुंडाळत आणलेलं. ती बाहेर आली आणि भराभर लिहीत सुटली. सहीआधी वाचून दाखवायचा नियम होता.

"वडील नऊ वर्षं बेपत्ता."

झूराकानने दस्तरखानाची कड सारखी केली.

"आईचं काम सुटलं आहे. घरात मांस सहसा शिजत नाही."

तिघींची नजर परातीवर गेली. वाफ अजून निघत होती. झूराकानने पेन घेतलं आणि एकेक अक्षर कोरल्यासारखी सही केली.

बुरुलचा दारात बूट घालत होती, तेव्हा झूराकान पिशवी घेऊन आली. परातीतलं सगळं मांस तिने त्यात भरलं होतं.

"एजे, आम्हाला घेता येत नाही. नोकरी जाईल."

"लिहायचं ते लिहिलंत. आता माझ्या घरातून पाहुणा रिकाम्या हाताने गेला, एवढं तरी लिहू नका."

मिनीबसमध्ये बुरुलचाच्या एका मांडीवर फाइल होती, दुसऱ्या मांडीवर पिशवी. अहवालातल्या मांसाच्या ओळीवर पेन टेकवून ती दोन थांबे तशीच बसून राहिली. मग ती ओळ न खोडता तिने पेनाला टोपण लावलं. पिशवी कोर्टाच्या पायऱ्यांपर्यंत गरम होती.