पाच वर्षांची हजेरी

चंद्रव्वा कैकाडीण टोपल्या विणायची आणि सोलापुरात दारोदार विकायची. तिनं कुणाची साधी सुतळीसुद्धा उचलली नव्हती. पण सरकारनं तिची सगळी जमातच गुन्हेगार ठरवून तारेच्या कुंपणात कोंडली होती. सकाळी पास घेऊन बाहेर पडायचं आणि दिवस मावळायच्या आत फाटकावर हजेरी द्यायची. पाच वर्षं एकही हजेरी चुकली नाही, तर कुंपणाबाहेर घर करायची परवानगी मिळे. चंद्रव्वाचे एकवीस दिवस उरले होते.

त्या दिवशी ती धोंडप्पा या लिंगायत वाण्याच्या दारी सूप द्यायला गेली, तर आत त्याची बायको दाक्षायणी अडली होती. सुईण परगावी गेलेली. धोंडप्पाची आई गंगम्मा एरवी टोपलीसुद्धा उंबऱ्याबाहेर ठेवायला लावायची; तिनंच चंद्रव्वाचा हात धरून तिला आत ओढलं. वस्तीतली कितीतरी बाळंतपणं चंद्रव्वानं केली होती. मूल पायाकडून येत होतं.

उन्हं भिंतीवर चढली तशी ती कासावीस झाली. "अव्वा, हजेरी चुकंल माजी. मला जायला पायजे."

"जाऊ नगंस गं बाई! सून मरंल की माजी. धोंडप्पा उद्या येऊन सायबाला समदं सांगंल. सिद्धरामाची आण!"

मुलगा झाला. चंद्रव्वा धावत फाटकाशी पोचली तेव्हा हजेरी उरकली होती.

धोंडप्पा काही आला नाही. लिंगायतांत बाळंतपणाचा विटाळ पाळत नाहीत, तेव्हा ती सबबही त्याला नव्हती. कुंपणातली बाई आपल्या घरात शिरली होती हे पेठेत कळलं तर लोक काय म्हणतील, एवढीच त्याला धास्ती. कैकाडणीला दिलेला शब्द मोडला, तर त्याला कोण जाब विचारणार होतं?

मॅजिस्ट्रेटनं तीन महिने ठोठावले आणि कारकुनाला म्हणाला, "गेल्या वर्षी या जमातीतल्या साठ जणांना शिक्षा झाल्या. गुन्हा यांच्या रक्तातच आहे." त्या साठांतले बावन्न नुसते हजेरी चुकलेले होते. कारकुनाला ते ठाऊक होतं. तो "होय साहेब" म्हणाला.

चंद्रव्वा सुटून आली आणि तिची पाच वर्षं पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू झाली. काही महिन्यांनी पास मिळाला, तेव्हा ती आधी धोंडप्पाच्या दारी गेली. विकायला नव्हे, मूल बघायला. ते अंगणात रांगत होतं, चांगलं बाळसेदार. तिनं हात पुढं केला, तोच गंगम्मानं धावत येऊन पोराला उचललं आणि आधी त्याच्या हातातलं चांदीचं कडं चाचपलं.

"लांब हो. जेलात जाऊन आलीयास म्हणं."

"अव्वा, मी कशापायी गेले, तुमाला ठावं न्हाय व्हय?"

"उगं कुणाला नेतेत व्हय जेलात? केलं असशील की कायतरी."

आत दाक्षायणीचं जातं थांबलं. जराशानं ते पुन्हा फिरू लागलं.

चंद्रव्वाच्या ओठांवर शिवी आली होती. तिनं म्हातारीच्या तोंडाकडं पाहिलं आणि ती गिळली. म्हातारी नजर चुकवत नव्हती. तिला ते अगदी खरं वाटत होतं, आणि कडेवरचं पोर तिचं बोलणं कान देऊन ऐकत होतं.